ग्राफिक्स कार्ड बदलायचंय? आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा

बजेट १५ हजारांचं असो की ३० हजारांचं, कार्ड निवडण्याआधी आपला पीसी तपासायला हवा. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा आणि विजेचा लपंडावही हिशेबात धरा. काय पाहायचं, कोणतं कार्ड कोणासाठी आणि जुनं कार्ड घेताना कुठे फसगत होते, वाचा सविस्तर...

जळगाव : दिवाळीत मिळालेले पैसे, सुट्टीत केलेल्या कामाचे पैसे, वर घरून मागितलेले थोडे. असे १८-२० हजार जमले की गेमिंग पीसीवाल्याच्या डोक्यात एकच विषय असतो : नवीन ग्राफिक्स कार्ड. मग रात्र रात्र व्हिडिओ पाहायचे, मित्रांना विचारायचं आणि एक दिवस गोलाणी मार्केट गाठायचं.

इंजिनीअरिंगला असताना मीही हेच केलं. सहा महिने पैसे साठवून जुनं जीटीएक्स १०६० घेतलं. कार्डाला ६ पिनची वेगळी वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती नाही, हे दुकानात कळलं. 'भाऊ, कन्व्हर्टर लावून देतो, काही होत नाही,' असं सांगून दुकानदाराने जोडणी करून दिली. दोन महिने सगळं छान चाललं. मे महिन्यातल्या एका दुपारी गेम सुरू असताना कॅबिनेटमधून 'फट्' असा आवाज आला आणि पीसी बंद पडला. एसएमपीएस गेला, सोबत मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं, पण ते लावायला पीसीच उरला नाही.

चूक कार्डाची नव्हती. कार्ड कशात बसवायचं आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

एसएमपीएसवर नेमकं काय पाहायचं?

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देतो. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या वायरने मिळते. ६ पिनच्या वायरीतून ७५ वॅट, तर ८ पिनच्या वायरीतून १५० वॅट.

कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॅट छापलेलं असलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. स्टिकरवरच्या तक्त्यात '१२ व्होल्ट'चा रकाना शोधा. तिथे किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर उत्तर २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही यातच भागवायचं असतं. ८ पिनची वायर मुळातच नसेल, तर हा एसएमपीएस मोठ्या कार्डासाठी बनवलेला नाही, असं समजा. कन्व्हर्टर लावून वायर जोडता येते, ताकद वाढत नाही.

म्हणून बजेट २० हजारांचं असेल आणि एसएमपीएस असा असेल, तर त्यातले ३-४ हजार '८० प्लस' प्रमाणपत्र असलेल्या चांगल्या एसएमपीएससाठी बाजूला काढा. कार्ड एक पायरी खालचं येईल, पण पीसी शाबूत राहील.

कार्ड खरंच कमी पडतंय का?

नवीन कार्ड घेण्याआधी ही तपासणी करा. गेम सुरू असताना कीबोर्डवर विंडोज आणि जी ही दोन बटणं एकत्र दाबा. समोर येणाऱ्या पट्टीत जीपीयूचा वापर दिसतो.

वापर ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड कमी पडतंय. पण जीपीयू ५०-६० टक्क्यांवर आणि तरीही गेम अडखळत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसर किंवा रॅमचा आहे. अशा वेळी ३० हजारांचं कार्ड लावूनही फारसा फरक पडणार नाही. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तर प्रोसेसरचा वेग जास्त महत्त्वाचा ठरतो.

रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून पाहा. दोन पट्ट्या मिळून ड्युअल चॅनलवर चालतात आणि बऱ्याच गेममध्ये अडखळणं कमी होतं. गेमच्या सेटिंगमध्ये 'एफएसआर' असेल तर तेही सुरू करून बघा. जुन्या कार्डावरही ते चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मॉनिटरही पाहा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० फ्रेमच दाखवतो. कार्डाने १५० फ्रेम तयार केल्या तरी डोळ्यांना दिसणाऱ्या तेवढ्याच.

स्लॉट एकच, वेग वेगळा

सगळी नवीन कार्डं एकाच लांब स्लॉटमध्ये बसतात. मात्र आतल्या सगळ्या लेन प्रत्येक कार्ड वापरत नाही. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे पीसी आणि एएमडीचे बी४५० किंवा ए५२० बोर्ड पीसीआयई ३.० वर चालतात. आपल्याकडे बजेट पीसीमध्ये लोकप्रिय असलेला रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसरही ३.० वरच थांबतो, बोर्ड कितीही नवा असला तरी.

अशा पीसीत आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड घेऊ नका. ते फक्त ४ लेन वापरतं आणि त्याची मेमरीही ४ जीबीच आहे. जुन्या बोर्डवर त्याचा वेग बराच घसरतो. ८ लेनच्या कार्डांचं नुकसान तुलनेने थोडं असतं.

कोणासाठी कोणतं कार्ड?

१) एसएमपीएस बदलायचा नाही किंवा कंपनीचा जुना ऑफिस पीसी आहे : आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकार. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं हे कार्ड ७० वॅटवर चालतं. बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. लहान कॅबिनेटसाठी कमी उंचीची मॉडेलही मिळतात. ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं होतं. ते जास्त वेगवान आहे, पण १३० वॅट खातं. बिलावर नेमका प्रकार लिहून घ्या.

२) एसएमपीएस चांगला, मॉनिटर फुल एचडी, बजेट २० हजारांच्या आसपास : आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ चं हे कार्ड ८ जीबीचं आहे, १३२ वॅट घेतं आणि कंपनी त्यासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. जीटीएक्स १६५० वरून इथे आलात तर फरक लगेच जाणवेल. नवीन नाही मिळालं तर जुन्या बाजारात पाहा.

३) बजेट २५ ते ३२ हजार : आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबी. दोन्ही २०२५ मध्ये २९९ डॉलरला जाहीर झाली. डॉलर ९० रुपये धरला आणि १८ टक्के जीएसटी जोडला की सुमारे ३१,७५० रुपये होतात. दुकानदाराचा भाव या आकड्याशी ताडून पाहा. ९०६० एक्सटी सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डवर ते जास्त सोयीचं.

४) मेमरी जास्त हवी, पीसीही नवा आहे : इंटेलचं आर्क बी५८०. यात १२ जीबी मेमरी आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते २४९ डॉलरला आलं. मात्र बायोसमध्ये 'रिसायझेबल बार' सुरू करता येत नसेल तर त्याचा वेग पडतो. जुन्या प्रोसेसरसोबतही ते मागे राहतं. पाच-सहा वर्षं जुन्या पीसीसाठी हे कार्ड नको.

८ जीबी पुरेल का? फुल एचडीवर आज पुरतं. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणावं लागेल, इतकंच. नवीन कार्ड घेत असाल तर ४ जीबीचं मात्र घेऊ नका.

जुनं कार्ड घेताना

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली. रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं त्यानंतर जुन्या बाजारात आली आणि आजही फिरतात. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच, असं नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट यांची झीज मात्र झालेली असते.

आरएक्स ५८० स्वस्तात मिळतंय म्हणून उडी घेऊ नका. त्याच नावाने '२०४८ एसपी' हा कमी कोरचा प्रकारही विकला जातो. मूळ कार्डात २३०४ कोर असतात.

जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० यांचाही मोह टाळलेला बरा. एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. शिवाय 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम : द डार्क एजेस' या गेमना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच. जीटीएक्स नावाच्या एकाही कार्डात ते नाही.

व्यवहार करताना कार्ड विकणाऱ्याच्या किंवा दुकानाच्या पीसीवर लावायला सांगा. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, बनावट एनव्हिडिया कार्ड असेल तर ते बहुतेकदा तसं दाखवतं. मग एखादा जड गेम किंवा 'फरमार्क' १५ मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके, पट्टे दिसले किंवा पीसी बंद पडला तर पैसे देऊ नका. कार्डावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का, वॉरंटी किती उरली, हेही पाहा.

मे महिना आणि महावितरण

इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या २०-२५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज होतात. खोली १५ अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच तापतं. थंडीत ७० अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात ८५ च्या घरात जातं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. त्यामुळे एका पंख्यापेक्षा दोन पंख्यांचं मॉडेल घ्या आणि कॅबिनेटला मागे-पुढे पंखे आहेत ना, ते बघा.

डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलावा आणि धूळ मिळून आत चिकट थर बसतो. उन्हाळा लागण्याआधी एकदा ब्लोअरने सफाई करून घ्या.

वीज गेल्यावर काय? ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मोठं कार्ड आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना ही मर्यादा ओलांडू शकतात. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याचं बटण 'यूपीएस मोड'वर ठेवा, नाहीतर वीज जाताच पीसी रिस्टार्ट होईल.

बिलाचं गणित सोपं आहे. १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० आणि ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० यांत ५५ वॅटचा फरक आहे. रोज ४ तास खेळलात तर महिन्याला ६.६ युनिट. घरचं बिल १०० युनिटच्या उंबरठ्यावर असेल तर हे युनिट वरच्या दरात जातात.

थांबावं की आत्ताच घ्यावं?

एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच, म्हणून जास्त जीबीच्या कार्डांना याची झळ आधी बसते. गरज असेल आणि भाव पटत असेल तर 'पुढच्या महिन्यात उतरेल' या आशेवर बसू नका. गरज नसेल तर घाईही करू नका.

दुकानात जाण्याआधी हे लिहून घ्या

- प्रोसेसर आणि मदरबोर्डचं पूर्ण नाव
- एसएमपीएसवरचे १२ व्होल्टचे अँपिअर आणि ८ पिनची वायर आहे की नाही
- कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती मिलिमीटर जागा आहे (पट्टीने मोजा)
- मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ
- गेम चालू असताना जीपीयूचा वापर किती टक्के
- एकूण बजेट, एसएमपीएस धरून

या सहा ओळी आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानदाराने 'काही होत नाही' म्हटलं, की आधी तो फोटो दाखवा.