बसभर माणसे नावेत मावतील?

५ जानेवारी १९७५ रोजी ऑस्ट्रेलियातील होबार्ट शहरात जहाज आदळून डर्वेंट नदीवरील पूल कोसळला. हजारो लोक फेरीबोटीने नदी ओलांडून पुढे बस पकडू लागले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातही मणिबेली परिसरात नर्मदेच्या जलाशयातून नावेने ये-जा चालते.

मित्रांनो, बसमधील ५० माणसे एका नावेत बसवली तर? १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, सपाट तळाची व उभ्या बाजूंची नाव घ्या. ती १ सेंटिमीटर खाली गेली की ३०० किलोग्रॅम पाणी बाजूला सारते. प्रत्येकी ६० किलोग्रॅमची ५० माणसे म्हणजे ३,००० किलोग्रॅम. नाव जेमतेम १० सेंटिमीटर खाली जाईल!

मग धोका कशात? माणसे उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो. सारी एका काठाकडे धावली की नाव कलंडते. म्हणून ठरलेल्या संख्येहून जास्त चढू नये आणि बसल्या जागेवरून उठू नये.