आजीचे पाय

गेल्या श्रावणातली गोष्ट. दवाखान्यातून घरी परतताना माझ्या डाव्या पायातली चप्पल अंगणातच निसटली आणि मी तसाच ओसरीच्या पायरीपर्यंत आलो. "अहो, दुसरी चप्पल कुठे आहे?" असे पत्नीने विचारले, तेव्हा कुठे मी खाली पाहिले. चप्पल गेल्याचे मला कळलेच नव्हते.

मधुमेही रुग्णांना गेली तीस वर्षे मी हाच प्रश्न विचारत आलो आहे: चालताना चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का? स्वतःला मात्र तो कधी विचारला नव्हता. दीड वर्षापासून तळपायांना मुंग्या येत होत्या, रात्री पाय जड वाटत होते. त्याचीही वाच्यता मी कोणाजवळ केली नव्हती. "हे कधीपासून?" असे पत्नीने विचारल्यावर मी म्हणालो, "काही नाही, होते असे कधीमधी." वाक्य तोंडातून निघाले आणि मी चपापलो. ते वाक्य माझे नव्हते. ते आजीचे होते.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. मंगरूळपीर तालुक्यातले आसेगाव हे माझे आजोळ, आणि पुढे व्यवसायासाठीही मी हेच गाव निवडले. आजीच्या हयातीत हे गाव अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, त्याच्या आधीच ती गेली. तिला अक्षरओळख नव्हती. पहाटे जात्यावर ज्वारीचे दळण, मग चूल, मग शेत, आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ती भाकर जवसाच्या चटणीशी, असा तिचा दिवस असे. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापून घरातली नऊ माणसे जगवली. त्या दिवसांविषयी ती फारसे बोलत नसे. "दिस होते, निंघून गेले," एवढेच म्हणे.

तिच्यापाशी एक विलक्षण गुण होता: तिला माणूस दिसत असे. घरातल्या कोणालाही "बरी आहेस ना?" असे तिने विचारलेले मला आठवत नाही. सुनेला ती विचारी, "काल राती किती भाकरी खाल्ल्या वं?" शेजारच्या म्हाताऱ्याला विचारी, "रातच्याला किती वेळा उठले?" हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, की ती बाई वाळली हे तिला आरशाविना कळे. वासराने कान पाडले की त्याला ताप आहे, हे ती गोठ्याच्या दारातूनच सांगे. पुढे नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेताना रुग्णाचा इतिहास कसा घ्यावा, याचे पाठ आम्हांला मिळाले, तेव्हा मला ते फारसे नवे वाटले नाहीत. "कसे वाटते?" या प्रश्नाचे उत्तर सभ्यपणाने दिले जाते, "किती भाकरी?" या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे लागते.

अशा या बाईने स्वतःचे दुखणे मात्र कोणाला दिसू दिले नाही.

माझी इंटर्नशिप चालू होती. दिवाळीला आजोळी आलो, तेव्हा ओसरीवर बसलेल्या आजीच्या लुगड्याच्या काठाशी माशा घोंगावताना दिसल्या. मी पाय दाखवायला सांगितले. तिने तो आणखी आत ओढला. "काही नाई झालं रे बापू. काटा रुतला होता, निंघून गेला. तू कायले घोर करतं?" बऱ्याच विनवण्यांनंतर चिंधी सुटली. बाभळीचा काटा अंगठ्याच्या बुडाशी मोडून राहिला होता आणि भोवतालचे मांस काळे पडले होते. दुखत कसे नाही, याचे मला क्षणभर नवल वाटले. मग रक्त तपासले, आणि उत्तर मिळाले. तिला मधुमेह होता. किती वर्षांपासून होता, हे सांगणे आता अशक्य होते. अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. त्यानंतर ती चार वर्षे जगली, पण शेतात पुन्हा गेली नाही. त्या पायाकडे पाहणारा घरातला पहिला माणूस मी होतो, तोही तीन आठवडे उशिरा.

आता वारशाविषयी. आजीकडून नातवंडाला सरासरी पाव हिस्सा जनुके मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. आईच्या आईशी असलेले नाते याहून थोडे अधिक जवळचे आहे. मुलीच्या अंडाशयातली सर्व बीजांडे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. म्हणजे ज्या बीजांडातून माझा जन्म झाला, ते माझ्या आजीच्या उदरात, तिने खाल्लेल्या अन्नावर घडले. पेशींना ऊर्जा पुरवणारी सूत्रकणिकाही आपल्याला आईकडून, आणि तिला तिच्या आईकडून मिळते.

आणि आजीने खाल्लेले अन्न किती होते? हा प्रश्न भावनेचा नाही, वैद्यकाचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोच्या आसपास होती. आपली बाळे लहान होती, स्नायूंनी कमी होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. हीच ठेवण मोठेपणीही टिकते. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. "आम्ही कुठे जाड आहोत, आम्हांला कशी साखर होईल?" असे विचारणाऱ्या रुग्णांना मी ही हकीकत सांगतो. स्वतःच्या सडपातळपणावर मीही असाच विसंबून होतो.

आजीनंतर आईला पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह झाला, मला एक्कावन्नाव्या. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असल्यास अपत्याला आयुष्यात तो होण्याची शक्यता ढोबळमानाने चाळीस टक्के धरतात. म्हणजे तो अटळ नाही. पण दुखणे गिळण्याची सवय कोणत्या जनुकातून आली? ती जनुकातून येत नसावी. ती ओसरीवर, शेवटी जेवणाऱ्या बाईकडे पाहता पाहता येते. तिचे आपण कौतुक करतो, तिला सोशिकपणा म्हणतो आणि नकळत उचलतो. आजीच्या सोशिकपणाने दुष्काळात नऊ जीव वाचवले, हे मी विसरत नाही. त्याच सोशिकपणाने तिचा पाय घेतला, हेही मला विसरता येत नाही.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांना माझे सांगणे इतकेच, की "बरे आहे" या उत्तरावर थांबू नका. आजीचे प्रश्न विचारा. ताटात किती टाकले? रात्री किती वेळा उठणे झाले? गोळ्यांच्या पाकिटात आज किती उरल्या? उठताना भिंतीचा आधार कधीपासून लागतो? ब्लाऊज सैल झाला का? मधुमेही वृद्धांत हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो. अचानक दम लागणे, घाम फुटणे, "पोटात गॅस झाला" असे वाटणे एवढीच त्याची खूण असते, आणि अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नये. काल नीट बोलणारी आजी आज एकाएकी असंबद्ध बोलू लागली, तर ते वय झाल्याचे लक्षण समजू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, साखर एकदम उतरणे, औषधाचा परिणाम किंवा पक्षाघात अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी तपासणी हवी.

पायांचे म्हणाल, तर रोज पाहायचे. तळवा स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, तिथे तेल लावू नये. नखे सरळ कापावीत, भोवरी ब्लेडने कापू नये. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाहावे. आमच्या भागात रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. भर चैत्रातल्या तापल्या फरशीवर अनवाणी चाललेले आणि तळव्याला आलेले फोड चार दिवसांनी ध्यानात आलेले रुग्ण मला दरवर्षी भेटतात. श्रद्धेला माझा विरोध नाही. जाड पायमोजे घालून चालल्याने देव रागावेल असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्याच तपासणीत निघाली. मुंग्यांचे सगळे खापर साखरेवर फोडता येत नव्हते. माझे बी-१२ जीवनसत्त्वही खालावले होते. मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी माणसांत, हे घडू शकते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये; डॉक्टरांना विचारून बी-१२ मोजून घ्यावे. ती कमतरता भरून निघते. माझ्या मुंग्या आता निम्म्या झाल्या आहेत. उरलेल्या निम्म्यांसाठी दर रविवारी पत्नी आरसा घेऊन बसते आणि मी, आजीच्याच सवयीने, पाय आत ओढतो.

आई आता ऐंशीची झाली. तिचे पाय तपासणे हे तिच्या आईचे पाय तपासण्याइतकेच अवघड काम आहे. गेल्या वर्षभर मी एक युक्ती चालवली आहे. सकाळी दवाखान्याला निघताना मी तिच्या पाया पडतो. वाकल्यावर हाताच्या पाठीने पावलांची ऊब पाहतो, बोटांच्या बेचक्यांत नजर टाकतो, टाचेच्या भेगांवरून बोट फिरवतो. दहा-पंधरा सेकंदांत सारे उरकते. ती डोक्यावर हात ठेवते, आशीर्वाद देते आणि पाय लुगड्यात ओढून घेते.

परवा मात्र तिचा हात डोक्यावरच थांबला. "काऊन रे," ती म्हणाली, "तू पाया पडतं, का पाय तपासतं?"