मैफलीपूर्वीची सिद्धता

तंबोऱ्याच्या तारा झंकारू लागल्या म्हणजे गाणे सुरू झाले, अशी श्रोत्यांची समजूत असते. गवयाच्या दृष्टीने पाहता गाण्याचा आरंभ त्यापूर्वीच झालेला असतो. घरच्या खोलीत सहज लागणारा षड्ज चारचौघांपुढे डळमळावा, मुखोद्गत चिजेचा अंतरा ऐन वेळी आठवू नये, हा अनुभव केवळ नवशिक्यांसच येतो असे नाही. विद्या पदरी असूनही शरीर व मन यांची सिद्धता अपुरी राहिली, तर असे होते.

प्रथम गळ्याचा विचार करू. कंठातील स्वरतंतू म्हणजे स्नायूंच्या दोन नाजूक घड्या होत. गाताना त्या दर सेकंदास शेकडो वेळा कंप पावतात. त्यांस एकदम तारसप्तकात नेणे म्हणजे झोपेतून उठलेल्या पहिलवानास तडक आखाड्यात ढकलणे होय. म्हणूनच मंद्रातील खर्ज भरण्यास जुन्या तालमीत एवढे महत्त्व असे. मैफलीच्या दिवशी मात्र रियाज बेताचाच हवा. सकाळी उधळलेला आवाज रात्री परत मिळत नाही.

पाण्याविषयी एक गैरसमज आढळतो. व्यासपीठावर घेतलेला घोट अन्ननलिकेतून जातो. स्वरतंतूंस तो स्पर्शही करीत नाही. त्यांस ओलावा मिळावयाचा तो पाणी अंगात मुरल्यावर. सबब ते दिवसभर थोडेथोडे प्यावे. जेवणही हलके व दोन-तीन तास आधी घ्यावे. भरल्या पोटी श्वासपटल खाली उतरावयास अडचण पडते आणि दमसास तोकडा होतो.

आता भीतीकडे वळू. भय वाटताच रक्तात अ‍ॅड्रिनलीन हे द्रव्य वाढते. छातीत धडधडते, तोंडास कोरड पडते, मान व खांदे आखडतात, श्वास वरच्यावर चालतो. जे शरीर पळावयास वा झुंजावयास सज्ज झाले, त्याने शांतपणे विलंबित आलाप करावा, अशी ही विचित्र मागणी असते! साहजिकच लय नकळत चढते. अशा वेळी 'भिऊ नकोस' हा उपदेश व्यर्थ होय. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा. त्यायोगे छातीची धडधड उतरू लागते. विलंबिताची लय तबलजींबरोबर आधीच ठरवून घ्यावी. तंबोरे ज्या जागी गाणे व्हावयाचे तेथेच वेळेपूर्वी लावावेत, कारण हवेतील फरकाने तारा उतरतात वा चढतात. शिवाय जोडीच्या तारा मिळविण्यात गढलेले मन श्रोत्यांची डोकी मोजीत बसत नाही.

सर्वांत मोठा उपाय म्हणजे तालीम मैफलीसारखीच करणे. मांडी न मोडता दीड-दोन तास बसणे, चूक झाली तरी न थांबता समेवर येणे, दोन-चार परिचितांस समोर बसविणे, ही सवय अगोदरच लागावी. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या निवर्तली. तरीही प्रयोग झाला, आणि भामिनीची पदे त्यांनी गाइली. त्यांच्या अंतःकरणात काय चालले असेल, हे कोणी सांगावे? एवढे खरे की, मन थाऱ्यावर नसता तालमीने अंगी मुरलेले तेवढेच कामास येते.

भीती समूळ जावी, ही अपेक्षा मात्र नको. थोडीशी धडधड गायकास जागरूक ठेवते. श्रोत्यांनीही आपला वाटा उचलावा. ते वेळेवर आले आणि पहिला षड्ज स्थिरावेपर्यंत निःशब्द राहिले, तर गवयाच्या सिद्धतेत त्यांचाही हातभार लागला असे होईल.