हिरवे निशाण, पांढरे निशाण

डब्लिन शहरातील क्रोक पार्क या विस्तीर्ण क्रीडांगणावर १९ सप्टेंबर १९८२ रोजी भर पावसात गेलिक फुटबॉलचा जो अंतिम सामना झाला, त्याची गुणसंख्या आयर्लंडच्या क्रीडादफ्तरात ऑफली १-१५, केरी ०-१७ अशी नोंदलेली आहे. या खेळाशी परिचय नसलेला वाचक सतरा हा आकडा पाहून विजयाचे माप केरीच्या पदरात टाकील. वस्तुतः जिंकली ती ऑफली, आणि तीही अवघ्या एका गुणाने. हा हिशेब उलगडला म्हणजे या खेळांच्या बाद फेरीतील सामन्यांची परीक्षा कशी करावी, याचे मर्म पुष्कळसे हाती येते.

गेलिक फुटबॉल आणि काठीचेंडूचा हर्लिंग हे आयर्लंडचे दोन देशी खेळ. १८८४ साली थर्ल्स या गावी स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघाच्या कारभाराखाली ते चालतात, आणि काउंटी-काउंटींमधील अजिंक्यपदाच्या स्पर्धा १८८७ पासून होत आल्या आहेत. खेळाडू वेतनाविना खेळतात. रविवारी ऐंशी हजार लोकांपुढे खेळलेला तरुण पुन्हा आपल्या नोकरीधंद्याला लागतो. गोलाचे दोन उंच खांब आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा यांचा इंग्रजी एच अक्षरासारखा आकार होतो. चेंडू दांड्यावरून गेला तर खांबाशी उभा असलेला, पांढरा डगला घातलेला पंच पांढरे निशाण हलवतो आणि एक गुण जमा होतो. दांड्याखालून जाळ्यात शिरला तर तो हिरवे निशाण हलवतो, आणि तो गोल तीन गुणांचा धरतात. गुणफलकावर आधी गोलांचा रकाना, मग सुट्या गुणांचा. तेव्हा ऑफलीचे १-१५ म्हणजे एकूण अठरा आणि केरीचे ०-१७ म्हणजे सतराच. केरीने सतरा वेळा निशाण हलवायला लावले, ऑफलीने सोळा वेळा. परंतु ऑफलीच्या सोळांपैकी एक निशाण हिरवे होते.

केरीने १९७८ ते १९८१ अशी ओळीने चार अजिंक्यपदे मिळवलेली होती, आणि पाचवे सलग अजिंक्यपद तोपर्यंत कोणत्याही काउंटीला लाभले नव्हते. सामना संपत आला तेव्हा केरी चार गुणांनी पुढे होती. मग मॅट कॉनरने दोन फ्री किक अचूक मारल्या आणि अंतर दोनावर आले. जेमतेम दोन मिनिटे उरली असता दुरून आलेला उंच चेंडू बदली खेळाडू शेमस डार्बीने टॉमी डॉयलच्या पाठीमागे झेलला आणि वळून जाळ्याच्या वरच्या भागात असा मारला की गोलरक्षकाचा इलाज चालला नाही. डार्बीने डॉयलला धक्का दिला की नाही, हा वाद केरीत पुढे कित्येक वर्षे चालला.

लोकांच्या स्मरणात डार्बीचा गोल राहिला आणि ते स्वाभाविकच आहे. पण माझ्या मते सामन्याचा खरा कलाटणीबिंदू मॅट कॉनरच्या त्या दोन फ्री किकमध्ये आहे. चार गुणांची आघाडी एका गोलाने मोडत नाही, तीन गुणांची आघाडी एका गोलाने बरोबरीत येते, दोन गुणांची मात्र एका फटक्यात पराभवात रूपांतरित होते; म्हणून ज्या दोन पांढऱ्या निशाणांकडे कोणी फारसे पाहिले नाही, त्यांनीच हिरव्या निशाणाला निर्णायक मोल आणून दिले. साखळी सामन्यांत अशी चूक पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. त्या काळच्या बाद पद्धतीत केरीसमोर पुढचा आठवडा नव्हता. पुढचे वर्ष होते.

हर्लिंगमध्येही हाच हिशेब वेगळ्या तऱ्हेने प्रत्ययास येतो. २०१३ च्या अंतिम सामन्यात क्लेअरने एकही गोल न करता पंचवीस गुण मिळवले आणि कॉर्कने तीन गोल व सोळा गुण; बेरीज सारखीच, म्हणून सामना पुन्हा खेळवावा लागला आणि तो क्लेअरने जिंकला. २०२४ साली हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत भेटले, तेव्हा जादा वेळेनंतर क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४ अशी स्थिती होती. पस्तीस वेळा यशस्वी झालेले कॉर्क बत्तीस वेळा यशस्वी झालेल्या क्लेअरकडून एका गुणाने हरले. कोणता संघ अधिक वेळ वरचढ होता आणि कोणता जिंकला, या दोन प्रश्नांची उत्तरे अशा सामन्यांत भिन्न असू शकतात, आणि परीक्षकाने दोन्ही स्वतंत्रपणे द्यायला हवीत.

वेळेचा हिशेब तर याहून नाजूक. १९९८ च्या हर्लिंग उपांत्य फेरीतील पहिला सामना बरोबरीत सुटला. पुन्हा खेळवलेल्या सामन्यात क्लेअर ऑफलीपेक्षा तीन गुणांनी पुढे असताना पंचांनी मुदतीच्या सुमारे दोन मिनिटे आधीच शेवटची शिट्टी वाजवली. तीन गुण म्हणजे एक गोल; तेवढ्या अवधीत तो होणे अशक्य नव्हते. ऑफलीचे समर्थक क्रोक पार्कच्या हिरवळीवर ठाण मांडून बसले, उठेनात. सामना तिसऱ्यांदा थर्ल्सला खेळवण्याचा निवाडा झाला, तो ऑफलीने जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही मिळवले. विशेष म्हणजे त्याच वर्षी लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात किलकेनीने ऑफलीला हरवले होते. पराभूत संघाला दुसरी संधी देणारी तरतूद हर्लिंगमध्ये १९९७ पासून आणि फुटबॉलमध्ये २००१ पासून अमलात आली, आणि तिच्या आधारेच ऑफली पुढे गेली. अंतिम सामन्यात तिने त्याच किलकेनीला नमवले. ही तरतूद मला न्याय्य वाटते. खेळाडू वर्षभर घाम गाळतो तो केवळ सत्तर मिनिटांसाठी नसावा.

२०२५ पासून गेलिक फुटबॉलमध्ये तिसरे निशाण आले आहे. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेला चेंडू दांड्यावरून गेला तर दोन गुण मिळतात आणि पंच नारिंगी निशाण हलवतो. दोन गुणांची आघाडी आता दुरून मारलेल्या एका फटक्यानेही बरोबरीत येऊ शकते.

त्याच वर्षीच्या हर्लिंगच्या अंतिम सामन्याची नोंद मात्र केवळ एकूण आकड्यांवरून समजणे कठीण आहे: टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८. पंधरा गुणांचा हा फरक एकतर्फी सामन्याचा वाटतो. पण मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होते, आणि उत्तरार्धात त्यांच्या खात्यावर अवघे दोन गुण जमा झाले. त्याच उत्तरार्धात टिपरेरीचा गोलरक्षक ऱ्हिस शेली याने कॉर्कची पेनल्टी अडवली. त्याने स्वतः दुरून मारलेला एक चेंडूही कॉर्कच्या दांड्यावरून गेला, आणि पलीकडच्या पंचाने त्यासाठी पांढरे निशाण हलवले.