जूनमध्ये श्रीलंका? मग पूर्व किनारा धरा

काल एक मैत्रीण म्हणाली, "जूनमध्ये श्रीलंकेला चाललोय, वेलीगामाला सर्फिंग शिकणार." मी तिला आधी बुकिंग थांबवायला लावलं.

कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढायला लावणारा नैर्ऋत्य मोसमी वारा त्याच दिवसांत दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलीगामा-मिरिस्सावरही आदळत असतो. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्या दिवसांत नवशिक्यांसाठी वेलीगामा उत्तमच! तळाशी वाळू, लाटा बेताच्या. मी फळीवर पहिल्यांदा उभी राहिले ती तिथेच, आणि तो आनंद अजून अंगात आहे. मिरिस्साहून बोटीने गेलं तर निळा देवमासाही दिसू शकतो. बोट मात्र त्याच्या मागे न धावणारी निवडा.

मे ते सप्टेंबर पूर्वेचं अरुगम बे गाठा. डोंगरांच्या आडोशामुळे हा भाग तेव्हा बराच कोरडा असतो. मुख्य लाट खडकाळ तळावर फुटते, ती सरावलेल्यांची. शिकणाऱ्यांनी व्हिस्की पॉइंटला जावं.

सर्फिंग पहाटे उरका. दुपार झोपाळ्यात. एक दिवस कुमना राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवाच: हत्ती, पाणपक्षी, नशीब असेल तर बिबट्या.

तुमचा सुट्टीचा महिना आणि पोहता कितपत येतं ते कमेंटमध्ये लिहा, किनारा सुचवते.