मिस्ड कॉलचा भुर्दंड कुणी सोसायचा?

मिस्ड कॉल म्हणजे गरिबाची बिनपैशाची तार. आमच्या धारणीत मोबाइल आला आणि लोकांनी ही तार लगेच आपलीशी केली. परतवाड्याला एसटीतून उतरलेला मुलगा एक रिंग देतो आणि घरी आई समजते, पोचला!

याच सवयीवर परदेशातल्या ठगांनी धंदा उभा केला. त्याचे नाव जपानी आहे, वानगिरी. 'वान' म्हणजे एक, 'गिरी' म्हणजे कापणे. एक रिंग द्यायची आणि फोन कापायचा. आपण उलट फोन लावला की तो दूरदेशीच्या महागड्या क्रमांकावर जातो. तिकडे गाणे वाजते किंवा कुणी नुसतेच थांबायला सांगतो. इकडे रिचार्ज संपत जातो.

हा पैसा जातो कुठे? आपला फोन त्या देशात पोचवून दिल्याबद्दल आपली कंपनी तिकडच्या कंपनीला पैसे देणे लागते. त्यातला वाटा तो क्रमांक चालवणाऱ्या ठगाला मिळतो. म्हणजे ठगाला आपल्या खिशात हात घालावाच लागत नाही. त्याची वसुली आपलीच कंपनी करून देते.

'अनोळखी नंबरला फोन लावलाच कशाला?' असे शहाणे लोक विचारतात. पण ज्या घरातला मुलगा आखातात मजुरीला आहे, त्या घरी परदेशातली रिंग दुर्लक्ष करण्याजोगी नसते. अपघात झाला असेल का, पोराला काही झाले असेल का, अशी धाकधूक असते. या काळजीला निष्काळजीपणा कसे म्हणावे?

कंपनी म्हणते, फोन तुम्ही लावला, आम्हाला पुढे पैसे द्यावे लागतात. हे खोटे नाही आणि कंपनी काही चोर नाही. पण चोर कुणाला दिसतो, हे पाहा. धारणीतल्या माणसाला एकच मिस्ड कॉल दिसतो. एकाच ठिकाणाहून एका रात्रीत हजारो रिंगा आल्या, तर त्या फक्त कंपनीला दिसतात. दाराची किल्ली तिच्याकडे आहे.

दार बंद करता येते, हेही सिद्ध झाले आहे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय प्रीपेड फोनवर आयएसडी सुरू ठेवू नये, असे ट्रायने 2012 मध्येच कंपन्यांना बजावले. ऑक्टोबर 2024 मध्ये दूरसंचार खात्याने भारतीय नंबरचा मुखवटा घालून परदेशातून येणारे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या 24 तासांत असे सुमारे 1 कोटी 35 लाख फोन ओळखून अडवल्याचे सरकारने सांगितले.

मग नुकसानीचा नियमही बदलायला हवा. बँकेच्या खात्यातून परस्पर पैसे गेले, तर ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर राहील, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ठरवले. सिंगापूरने डिसेंबर 2024 पासून काही ऑनलाइन फसवणुकींत आणखी पुढचे पाऊल टाकले. ठरवून दिलेली कर्तव्ये पाळली नाहीत, तर नुकसान आधी बँक भरते आणि तिची चूक नसेल तर टेलिफोन कंपनी.

आपल्याकडे टेलिफोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. पण दीडशे रुपयांसाठी मेळघाटातला मजूर रोजी बुडवून, घाट उतरून अमरावतीला जाईल का? नाही जाणार. ठगाचा सारा हिशेब या 'नाही'वरच चालतो.

म्हणून मला वाटते, ठरावीक दिवसांत तक्रार आली तर कंपनीने आधी पैसे परत करावेत आणि परदेशी कंपनीचे तेवढे देणे रोखून धरावे. ग्राहक लबाड असेल तर ते कंपनीने सिद्ध करावे. यामुळे सर्वांचेच दर वाढतील, असे कुणी म्हणेल. पण कोट्यवधी ग्राहकांत वाटलेला बोजा एकेकाला जाणवणारही नाही. एकट्यावर पडला तर मात्र त्याची चूल अडते. शिवाय पदरचे पैसे जायला लागले, की कंपनीचा पहारा आपोआप कडक होईल.

तोपर्यंत आपण एवढे करू. 'अधिक 91' सोडून दुसऱ्या आकड्याने सुरू होणारा अनोळखी मिस्ड कॉल आला, तर उलट फोन लावायचा नाही. आपले माणूस असेल, तर ते पुन्हा रिंग देईलच.