वारसाच्या कामाला वकील हवाच का?

गेल्या वर्षी आमचे चाचा वारले. भिवंडीत यंत्रमागाचा छोटा कारखाना, तालुक्यात दीड एकर जमीन, दोन बँकांत ठेवी आणि कापडाची येणी-देणी एवढा त्यांचा पसारा. जियारतीच्या दिवशीच सल्ले सुरू झाले, "प्रोबेट घ्यावे लागेल, वकील गाठा." हा शब्द आपल्या व्यापारी बांधवांनी मुंबईच्या बाजारातून उचलला आहे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातील प्रोबेटची सक्ती मुस्लिमांच्या वसीयतनाम्याला लागू नव्हतीच, आणि चाचांनी तर वसीयतनामा केलेलाच नव्हता. मग प्रोबेट कशाचे घेणार?

आम्हीच वही घेऊन बसलो. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, वसीयत असेल तर तिसऱ्या हिश्शापर्यंत ती, आणि उरेल तो तरका वारसांचा. कर्जात मेहेरही येते. निकाहनामा काढला तेव्हा कळले, चाचींची मेहेर दिलीच गेली नव्हती. त्या म्हणाल्या, "आता काय घ्यायची?" आम्ही म्हटले, माफ करणे तुमच्या मर्जीवर, पण आधी रक्कम हातात पडू द्या.

वारस चार: चाची, दोन मुलगे, एक मुलगी. चाळीस भाग केले तर चाचींना पाच, मुलांना चौदा-चौदा, मुलीला सात.

हिशेब असा सरळ, आणि तरी चूक आमच्याच हातून झाली. सातबारावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा होता. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, सरकारी मराठी पेढीवर बसून शिकलेलो, म्हणून अर्ज लिहायची हौस मोठी. मोठा मुलगा म्हणाला, "आपा मालेगावला सुखी आहे, तिने नको म्हटले आहे." आम्ही फक्त भावांची आणि चाचींची नावे लिहिली. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. आपाने हरकत घेतली. नोंद तक्रारी झाली. फोनवर ती आम्हाला एवढेच म्हणाली, "चाचा, अक्षर तुमचे आहे." आम्ही चारही नावांनी नवा अर्ज दिला, तिने हरकत मागे घेतली. ज्याला हिस्सा खरोखर नको असेल त्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. तोंडी 'नको' वर नाव गाळता येत नाही.

एका ठेवीवर मोठ्या मुलाचे नॉमिनी म्हणून नाव होते. ती आपलीच असे त्याला वाटले. पण नॉमिनी रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली विम्याच्या खटल्यात हेच सांगितले. दुसऱ्या खात्याला नॉमिनी नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे वाद नसेल तर अशा खात्याचे सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंतचे दावे कोर्टाच्या दाखल्याशिवाय निकाली निघतात. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांच्या सह्या आणि बंधपत्र लागते.

खरे काम उधारीने दाखवले. एका कापड व्यापाऱ्याकडे मोठी रक्कम येणे होती. तो म्हणाला, "वारस कोण, ते मला काय माहीत?" त्याचे अगदीच चुकीचे नव्हते. मयताच्या येण्यासाठी दावा लावला तर वारसा प्रमाणपत्राशिवाय कोर्ट हुकूमनामा देत नाही. म्हणून दिवाणी न्यायालयात अर्ज केला: मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सर्व वारसांची नावे-पत्ते, येण्यांची यादी. बाकीच्यांनी नाहरकत प्रतिज्ञापत्रे दिली. नोटीस निघाली, कोर्ट फी रकमेप्रमाणे भरली, तारखांना मोठा मुलगा स्वतः उभा राहिला. पक्षकाराला तसा हक्क आहे. मात्र वारसांत वाद असता किंवा कोणी अज्ञान असते, तर आम्ही निमूटपणे वकिलाकडे गेलो असतो.

सात महिने लागले. प्रमाणपत्राची नक्कल पाहून त्या व्यापाऱ्याने दोन हप्त्यांत पैसे दिले. आपाचे सात भाग आम्ही स्वतः मालेगावला नेऊन दिले. तिने मोजून घेतले आणि चहा ठेवला.